तारीख लागली पाहिजे

पहाटे 5

थंडीच्या दिवसांत माझा फोन वाजतो तो या वेळेला. आमच्या पट्ट्यात शेतीची थ्री-फेज वीज अजून पुष्कळ ठिकाणी पाळीनं येते. पाळी रात्रीची असली की नवरा उसाला दारं धरायला जातो, सासू झोपलेली असते आणि बाईला बोलायला तासभर मिळतो. 181 आणि 112 चोवीस तास चालू असतात, पण बाईच्या हातात फोन येण्याची वेळ विजेची पाळी ठरवते. म्हणून नव्या कार्यकर्तीला मी पहिल्याच दिवशी सांगते, आपल्या गावातली पाळी पाठ करा. आणि तिचा फोन येऊन गेला असेल तर आपण होऊन उलटा फोन लावायचा नाही. अनोळखी नंबर नवऱ्याच्या नजरेला पडला की त्या घरात पुढे काय होतं, ते आम्ही पाहिलेलं आहे.

आजचा फोन नीरा डाव्या कालव्यालगतच्या एका गावातून. "ताई, काल परत झालं. लेकरं घेऊन निघू का?"

निघ असं मी म्हणत नाही, थांब असंही म्हणत नाही. लागलंय कुठे, रक्त येतंय का, लेकरं कुठे झोपलीत, तो किती वाजता परत येतो, रस्त्याला लागलं की पहिलं भरवशाचं घर कुणाचं, एवढं विचारते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांत नमुना 5 हा याच कामासाठी आहे, सुरक्षेचा आराखडा. बाईला तो असा सांगायचा: आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, लेकरांचे दाखले, थोडे पैसे, एक जोड कपडे अशी पिशवी शेजारणीकडे ठेवून दे. ती म्हणाली, पिशवी मागच्या आठवड्यातच ठेवलीय. मग तिचं ठरतच आलंय. आपण फक्त तिच्या बरोबर राहायचं.

सकाळी 7

बारामतीहून इंदापूरची एसटी. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते. आत्ता या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आहेत, दोन-दोन जोडलेल्या, आणि प्रत्येक ट्रॉलीमागे गाडी रेंगाळते. या वेळात मी मागच्या प्रशिक्षणातल्या बायकांनी लिहून आणलेल्या नोंदी वाचते.

माझं काम या बायकांना तयार करण्याचं. अंगणवाडी सेविका, आशा, उमेदच्या बचत गटांतल्या समुदाय संसाधन व्यक्ती (सीआरपी), एखादी महिला पोलीस पाटील, नुकतीच सनद मिळालेली एखाद-दुसरी वकील मुलगी. मार खाल्लेली, अत्याचार झालेली बाई पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात जाईल तेव्हा तिच्या शेजारी कुणीतरी जाणतं माणूस असावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशभरातल्या हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नव्हतीच, कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्या 14 टक्क्यांनी मदत मागितली, त्यांतल्याही बहुतेकजणी गेल्या त्या माहेरी किंवा शेजारी. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या. म्हणजे जे काही उभं करायचं ते शेजारातच उभं केलं पाहिजे.

सकाळी 10

पंचायत समितीचं सभागृह. सतरंज्या, एक फळा, चहा. पहिला तास बोलण्याचा, म्हणजे खरं तर न बोलण्याचा. दोघी-दोघींनी समोरासमोर बसायचं. एकीनं बाई व्हायचं, दुसरीनं कार्यकर्ती. पाच मिनिटांत सभागृहातून तीच वाक्यं ऐकू यायला लागतात: "दोन लेकरं आहेत गं." "तो पितो म्हणून करतो, मनानं वाईट नाही." "तू उलट बोलली असशील." कुणी दुष्टपणानं बोलत नाही. आपल्या आईनं आपल्याला जे सांगितलं तेच ओठांवर येतं. एक काकू तर म्हणाल्या, "ताई, संसार मोडायला लावायचा का आपण?" मी म्हटलं, काकू, मोडायलाही लावायचा नाही आणि जोडायलाही नाही. तिला काय पाहिजे ते तिच्या तोंडून येईपर्यंत गप्प बसायचं.

हे गप्प बसणं शिकवायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. विशेषतः 'का' हा प्रश्न सुटत नाही. का गेलीस, का नाही ओरडलीस, का इतकी वर्षं सांगितलं नाहीस. बाईच्या कानाला प्रत्येक 'का' आरोप होऊन लागतो. मग आम्ही 'का' ऐवजी 'मग काय झालं' असं म्हणायचा सराव करतो.

मधे थोडा इतिहास सांगते, कारण आपण पहिल्याच आहोत असं कुणाला वाटू नये. 1982 साली पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यू झाला, आणि त्याच काळात विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव फिरलं आणि बायकांना मनातलं बोलायला जागा हवी म्हणून 'बोलते व्हा' केंद्र निघालं. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलीस ठाण्यात बसणार, पण पोलिसांची नोकर नसणार, हा त्यातला विचार पुढे महाराष्ट्र सरकारनं उचलला आणि राज्यभर नेला. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी यांनी 1987 मध्ये 'मासूम' सुरू केली. पुरंदरचं नाव ऐकलं की बायका सरसावून बसतात. मुंबई-पुण्याचं काम त्यांना लांबचं वाटतं, सासवडकडचं नाही.

दुपारी 12

आता कागद. दिवसातला माझा सगळ्यांत आवडता आणि सगळ्यांत दमवणारा तास.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण हा कायदा 2005 चा, अंमल 26 ऑक्टोबर 2006 पासून. त्यातला पहिला नमुना म्हणजे घटना अहवाल, सगळे त्याला डीआयआरच म्हणतात. तो संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यापुढे जातो आणि बऱ्याच वेळा बाई स्वतः कोर्टात पोचण्याआधी हा कागद तिच्या वतीनं बोलतो. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. तसं कितपत होतं ते तालुक्याला ठाऊक आहे. पण कलम 23 खाली तातडीचा अंतरिम आदेश लवकर मिळतो, तो अहवालात काही ठोस असेल तर. "नेहमी मारतो, लई त्रास देतो" एवढ्यावर कोणता न्यायाधीश आदेश देईल?

म्हणून तीन प्रसंग विचारायचे. पहिला कोणता, सगळ्यांत वाईट कोणता, शेवटचा कोणता. आणि प्रत्येकाला तारीख लागली पाहिजे.

इथे नव्या कार्यकर्त्या अडतात. "ताई, तिला तारीख आठवतच नाही." आठवते, फक्त आकड्यात आठवत नाही. मागच्या तुकडीतल्या एकीनं आणलेली नोंद मी फळ्यावर लिहिते: पालखी सणसरला मुक्कामी होती, घरात वारकरी जेवायला होते, त्या रात्री वारकरी झोपल्यावर. ही तारीखच आहे. भिंतीवरचं कालनिर्णय काढा, त्या वर्षीचा सणसरचा मुक्काम बघा, लिहा. पोळ्याच्या संध्याकाळी. कारखान्याचं गाळप बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. ग्रामपंचायतीचं मतदान होतं तेव्हा, बोटाला शाई होती. थोरलीच्या बारशाच्या आदल्या दिवशी. प्रत्येकाची तारीख निघते. कितीतरी घरांत जुनी कालनिर्णयं फेकलेली नसतात, कारण त्यावर दुधाचे आणि गॅसचे हिशेब असतात. आज सगळ्यांना घरून एक-एक आणायला सांगितलं होतं. जमिनीवर पानं पसरून बायका तिथी शोधत बसल्या होत्या. ज्या काकूंनी सकाळी संसार मोडण्याचा प्रश्न काढला होता, त्यांचं बोट सगळ्यांत झरझर चालत होतं.

दुसरी अडचण भाषेची. लिहायला सांगितलं की प्रत्येकजण पोलीस होते: "पतीने पत्नीस लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ, दमदाटी केली." शंभर फिर्यादी वाचा, शंभरांत हेच वाक्य. त्यातली बाई नाहीशी होते आणि उलटतपासणीत समोरचा वकील नेमकं हेच दाखवतो, की हे छापील आहे. तिनं सांगितलं असेल की चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि डाव्या हाताला टेकवलं, तर तेच लिहा. डावा हात, टेकवलं. शिवी दिली असेल तर ती शिवी जशीच्या तशी लिहा. यावर सगळ्या लाजतात, एकमेकींकडे बघतात. मी फळ्यावर लिहून दाखवते. तिनं ती ऐकून घेतलीय, आपल्याला लिहायला कसली लाज?

तिसरं, रिकामे राहणारे रकाने. आर्थिक हिंसेचा रकाना बायका सोडून देतात, कारण त्याला हिंसा म्हणतात हेच माहीत नसतं. धारा ती काढते, दुधाचा पगार त्याच्या खात्यावर. बचत गटाचं कर्ज तिच्या नावावर, मोटारसायकल त्याची, हप्ता पुन्हा तिच्याकडे. टेक्स्टाइल पार्कमध्ये शिवणकाम करणारीचं एटीएम कार्ड सासूच्या पेटीत. हे सगळं कायद्याच्या कलम 3 मध्ये बसतं.

आणि लैंगिक हिंसेचा रकाना. तो तर ठरल्यासारखा कोराच येतो. बायका त्याला 'रात्रीचा त्रास' म्हणतात आणि एवढं म्हणून थांबतात. आपल्याकडे नवऱ्यानं केलेल्या बळजबरीला, बायको अठरा वर्षांवरची असेल तर, भारतीय न्याय संहितेतही बलात्कार म्हणत नाहीत. जुन्या दंडसंहितेतली ती सूट 1 जुलै 2024 ला नव्या कायद्यात तशीच आली. मला ती मान्य नाही. पण 2005 च्या कायद्यात लैंगिक छळ हा कौटुंबिक हिंसाच आहे, नवऱ्यानं केला तरी. त्या बाईसाठी उघडं असलेलं दार या रकान्यात आहे आणि आपणच तो कोरा सोडतो. म्हणून सगळ्यांकडून म्हणून घेते: "रात्रीचा त्रास म्हणजे काय होतं, सांगावंसं वाटलं तर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल." आधी डोळे खाली घालून म्हणतात. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज सरळ येतो.

घराचा प्रश्न दर वेळी येतो. "घर सासऱ्याच्या नावावर, आठ-अ त्यांचा, मग तिचा काय हक्क?" राहण्याचा हक्क, कलम 17. सासऱ्याच्या नावावरचं घरही ती नांदत असलेलं सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये आहुजा खटल्यात सांगितलं. हे वाक्य बायका वहीत दोनदा लिहून घेतात.

दुपारी 1:30

डबे. बोलता बोलता कुणाचं तरी स्वतःचंच दुखणं वर येतं. त्यासाठी नियम आहे: ज्यांना बोलायचंय त्यांनी माझ्याशी वेगळं बोलायचं, गटात नाही. तालुका लहान आहे, भावकी आणि सोयरीक सगळीकडे पसरलेली. त्याच कारणानं कार्यकर्तीला स्वतःच्या गावातलं प्रकरण देत नाही. लासुर्ण्याची अंथुर्ण्याचं बघेल, अंथुर्ण्याची लासुर्ण्याचं. प्रवास वाढतो, पण बाई कुठे गेली होती हे तिच्या सासूच्या कानावर जात नाही.

दुपारी 2:30

उपजिल्हा रुग्णालय. आवारातल्या झाडाखाली उभ्यानंच सराव. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात घड्याळ बघावं लागतं. गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतात. गुन्हा नोंदवण्याआधीही उपचार आणि तपासणी होते, पोलिसांचं पत्र लागत नाही. आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत हे आहे, आणि मोफत तातडीचा उपचार खाजगी दवाखान्यालाही बंधनकारक आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण तक्रार द्यायची की नाही हे ती सज्ञान असेल तर तिनं ठरवायचं, आणि तिचा नकार लेखी घ्यावा लागतो. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये चुकीची ठरवली. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी, असं 2022 मध्ये पुन्हा बजावलं. हे कार्यकर्तीनं दारातच नम्रपणे आणि स्पष्ट बोलायचं.

मग कपडे. गावात अशी घटना घडली की घरच्या बाया पहिल्यांदा पोरीला आंघोळ घालतात आणि कपडे धुऊन टाकतात. मायेनंच करतात, म्हणून त्यांना बोलायचं नाही. आंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जायचंच. कपडे राहिले असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, ओलसर कपडा त्यात कुजतो आणि पुरावा जातो. सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात. आज मी एक जुनी ओढणी आणली होती. एका आशाताईंनी ती वर्तमानपत्रावर पसरली, घडी घालताना दुमडलेल्या प्रत्येक थरात कोरा कागद घातला, पाकिटावर तारीख आणि वेळ टाकली आणि कुणी सांगायच्या आत म्हणाल्या, "सील आणि सही त्यांची, आपली नाही." बरोबर. आपण पुराव्याला हात लावायचाच नाही, दवाखान्यात तो कसा ठेवतायत तेवढं बघायचं. घरी ठेवायची वेळ आलीच तर कसा ठेवायचा ते तिच्या आईला सांगायचं.

आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर "कुणाला सांगणार नाही" असा शब्द द्यायचा नाही. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे कळवावंच लागतं. तिला हे आधी सांगायचं, तिचं सांगून झाल्यावर नाही. पोरीला फसवल्यासारखं वाटलं तर ती पुन्हा कुणाशीच बोलत नाही.

दुपारी 4

पोलीस ठाण्यातला धडा थोडक्यात. लैंगिक गुन्ह्यात फिर्याद महिला अधिकाऱ्यानं घ्यायची, प्रत फुकट, हद्द कुठलीही असो. शून्य क्रमांकाची नोंद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच आहे. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, दिली म्हणून हिरमुसायचं नाही, तो कागद जपून ठेवायचा, डीआयआरला जोडायचा. "तंटामुक्तीत मिटवा" असं कुणी म्हणालं तर भांड्यावरून झालेलं भांडण तिथे जाऊ शकतं, बलात्कार नाही. तिचं नाव, गाव, फोटो व्हॉट्सअॅपच्या कुठल्याही ग्रुपवर टाकणं गुन्हा आहे, हे आपल्या ग्रुपलाही लागू.

एका कार्यकर्तीला एका ठाण्यात तीन तास बाकावर बसवून ठेवलं होतं. ती रडवेली होऊन सांगत होती. मी तिला विचारलं, ती बाई तेवढा वेळ एकटी बसली का? नाही. मग तुमचं काम झालं. आता किती वाजता गेलात, कुणी काय सांगितलं, ते तारीख लावून लिहून ठेवा.

संध्याकाळी 5:30

परतीच्या वाटेवर भवानीनगरला उतरते. कारखान्याच्या बाजूला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या आहेत, बहुतेक बीडकडच्या. आज दोन कार्यकर्त्या सोबत आहेत. यायची वेळ हीच, कारण फडावरून बायका आत्ता येतात आणि चुली पेटतात. आमच्या गप्पांना सुरुवात भाकरीच्या पिठावरून होते.

प्रशिक्षणात हा भाग मी कधीच गाळत नाही. इथली बाई एकटी मजूर नसते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल नवऱ्यानं घेतलेली असते, अंगठा किंवा सही त्याची, फिटते दोघांच्या अंगावर. मार खाऊन ती निघाली तर कोयता मोडतो, मग मुकादम तिच्या भावाकडे पैसे मागतो. म्हणून ती निघत नाही. हे कळल्याशिवाय तिला कायदा सांगणं व्यर्थ आहे. आम्ही दोन गोष्टी वेगळ्या काढायला शिकवतो: नवऱ्याविरुद्धचा अर्ज हा तिचा, उचलीचा हिशेब वेगळा. आणि कर्जासाठी माणूस अडकवून ठेवणं 1976 च्या वेठबिगारी कायद्याखाली येऊ शकतं, हे मुकादमाला शांतपणे सांगता आलं पाहिजे.

आणखी एक अडचण, जी उत्तर माहीत असलं की सुटते. ती म्हणते, "मी इथली न्हाई, मार्चात गावी जाणार, तारखा कोण करणार?" कलम 27 प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो, म्हणजे इंदापुरात. आणि झालेला आदेश देशभर लागू असतो, बीडातही. महिलेला मोफत वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आज एकीनं हे ऐकून चुलीतलं लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला आणि विचारलं, "आदेशाचा कागद हरवला तर?" माझ्या सोबतची तरुण कार्यकर्ती लगेच म्हणाली, "दुसरी प्रत मिळते मावशी. एक माझ्याकडं ठेवू." मी मधे पडले नाही.

रात्री 8:30

बारामती. जेवण झालं की तासभर फोनवर कार्यकर्त्यांचं ऐकते. दिवसभर ऐकलेलं त्यांनी घरी कुणाला सांगायचं नसतं, म्हणून मला सांगायचं. एक म्हणाली, झोप लागत नाही. तिला पुढचे पंधरा दिवस नवं प्रकरण द्यायचं नाही, असं डायरीत लिहिलं.

मग पहाटेच्या बाईचा फोन. ती बाई दुपारीच शेजारणीकडून पिशवी घेऊन बहिणीकडे पोचलीय, लेकरं बरोबर आहेत. उद्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे डीआयआर भरायचा. सोबत निमगाव केतकीची कार्यकर्ती जाईल, बाईच्या गावाशी तिचं ना नातं ना भावकी. बाईला फोनवर सांगितलं: साडेदहाच्या आत पोच, रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स, दवाखान्याचा केसपेपर, लेकरांना खायला काहीतरी. आणि बहिणीच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असेल तर तेही घे.

"मागच्या वर्षीचं पण घेऊ का ताई?"

"घे."